‘मी नांदवायला तयार आहे’ : पोटगीच्या जुन्या खटल्यांत काय ठरलं होतं?

माझ्या आजीची धाकटी बहीण, आम्हा सगळ्यांची जिजी, वारली तेव्हा तिच्या खोलीत खुंटीला अडकवलेली एक तार सापडली. किराणा दुकानात बिलं ओवून ठेवतात तशी. तारेला मनीऑर्डरची कुपनं ओवलेली होती. प्रत्येकावर पंचवीस रुपये, आणि मजकुराच्या जागेत जेमतेम एक ओळ: ‘पोटगी माहे एप्रिल’, ‘पोटगी माहे मे’. नवरा मुंबईला गिरणीत होता, तिथं त्यानं दुसरं घर केलं होतं. जिजी सातारा जिल्ह्यात माहेरी येऊन राहिली आणि १९५७ साली तालुक्याच्या कोर्टातून तिनं हा पंचवीस रुपयांचा हुकूम मिळवला.

पोटगीवरून वाद पेटला की मला ती तार आठवते. १० जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते. त्याच महिन्याच्या १ तारखेला नवा फौजदारी प्रक्रिया कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाला होता आणि पोटगीचं जुनं १२५ कलम आता १४४ झालं होतं. लगेच ओळखीच्या लोकांचे प्रश्न सुरू झाले. हा घरगुती मामला फौजदारी कायद्यात कशाला? धर्माचा कायदा मोठा की हा? समान हक्क मागता, मग पोटगी फक्त बायकांनाच का? सगळे रास्त प्रश्न आहेत. आणि १९४६ ते १९६९ या काळात आपल्या कोर्टांसमोर ते सगळे येऊन गेले आहेत. आजचा वाद कळायचा तर त्या खटल्यांकडे जायला हवं.

पोटगी फौजदारी कोर्टात कशी आली?

पोटगी म्हणजे पोट भरण्यापुरता खर्च. ज्याच्यावर एखाद्या माणसाला सांभाळायची जबाबदारी आहे आणि ज्याच्याकडे ऐपत आहे, त्यानं ती टाळली तर कोर्ट त्याला दरमहा रक्कम द्यायला लावतं.

यासाठी इंग्रजांच्या काळापासून दोन दारं होती. पहिलं दिवाणी कोर्टाचं. तिथं दावा लावायचा, लग्न शाबीत करायचं, हिंदू असाल तर हिंदू कायदा, मुसलमान असाल तर मुस्लिम कायदा. निकालाला वर्षं लागायची. दुसरं दार मॅजिस्ट्रेटचं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ नावाचं कलम होतं, १९७३ च्या नव्या संहितेत तेच १२५ झालं. साधा अर्ज, थोडक्यात चौकशी, लगेच हुकूम.

घरात पाणी शिरलं तर आपण आधी बादली घेतो. गटार कुणी तुंबवलं, भिंत कुणाच्या हद्दीत, हे नंतर ठरतं. ४८८ कलम म्हणजे ती बादली. मॅजिस्ट्रेट लग्नाचा कायमचा न्यायनिवाडा करत नाही, आज चूल पेटेल एवढंच बघतो. त्याचा हुकूम झाला म्हणजे नवरा-बायकोचे दिवाणी हक्क ठरले असं नाही. दोघांपैकी कुणीही पुढे दिवाणी कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथं निराळा निकाल लागला तर मॅजिस्ट्रेटला आपला हुकूम बदलावा किंवा रद्द करावा लागतो. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे डावपेच तिच्यावरच चालतात.

पण बादली ठेवली कशासाठी? ज्याच्या हातून १८७२ ची संहिता घडली त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफननं या तरतुदींचा हेतू सांगितला होता तो असा: भटकेगिरी रोखणं, निदान तिचे परिणाम टाळणं. म्हणजे टाकलेली बाई आणि पोरं रस्त्यावर आली तर भीक मागतील, चोऱ्या करतील, सरकारला त्रास होईल. बाईचा हक्क म्हणून हे कलम जन्मालाच आलं नव्हतं. रस्त्याच्या बंदोबस्ताची ती सोय होती, म्हणून फौजदारी कायद्यात बसवली. रकमेला मर्यादाही तशीच. आधी महिना पन्नास रुपयांपर्यंत, १९२३ नंतर शंभरापर्यंत, १९५५ च्या दुरुस्तीनं पाचशेपर्यंत. लखपतीची बायको असली तरी मॅजिस्ट्रेटला त्याहून जास्त देता येत नसे.

या उगमात एक मोठा फायदाही दडलेला होता. रस्त्यावर कुणी उपाशी पडू नये एवढाच हेतू असल्यामुळे कलमानं धर्म विचारलाच नाही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, सगळ्यांना तेच. पुढच्या शंभर वर्षांत या देशातल्या बायकांना जे मिळालं, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीमुळे मिळालं असं माझं मत आहे.

चार शब्दांची ढाल

बाईनं अर्ज केला की नवऱ्याचं ठरलेलं उत्तर असे: ‘मी नांदवायला तयार आहे.’

ही ढाल कायद्यानंच दिलेली होती. बायको आपल्याकडे येऊन राहील तर तिला सांभाळतो, असं नवरा म्हणाला आणि तरीही ती जायला नकार देते, तर त्या नकाराला सबळ कारण आहे का ते मॅजिस्ट्रेटनं पाहायचं. कारण पटलं नाही तर पोटगी नाही. वाचताना यात काही गैर वाटत नाही. पण जिजीच्या बाबतीत विचार करा. ‘नांदवायला तयार आहे’ याचा अर्थ होता मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत सवतीच्या हाताखाली राहायला ये. आणि १९४९ च्या आधी देशात बहुतेक ठिकाणी हिंदू पुरुषानं दुसरी बायको करणं हा गुन्हा नव्हता. मग सवत आहे हे कारण सबळ धरायचं की नाही, हे ज्या त्या कोर्टाच्या मतावर सोडलेलं होतं.

१९४९ साली संसदेची जबाबदारी पार पाडणाऱ्या तेव्हाच्या विधिमंडळानं ४८८ कलमाला एक वाक्य जोडलं. नवऱ्यानं दुसरी बायको केली असेल किंवा रखेल ठेवली असेल, तर ते बायकोनं नांदायला नकार देण्याचं सबळ कारण मानावं. एकच वाक्य, पण ‘किंवा रखेल’ हे शब्द नीट बघा. दुसरं लग्न खरं की खोटं, विधी झाले की नाही, या वादात पहिल्या बायकोला पडायलाच नको. दोन्हींपैकी काहीही असो, तिचं कारण उभं राहतं. या सबंध काळातली सगळ्यांत शहाणपणाची दुरुस्ती मी हीच मानते. जिजीला १९५७ साली हुकूम मिळाला तो याच वाक्याच्या जोरावर.

तरीही नवऱ्यांकडे दुसरा डाव होता. दिवाणी कोर्टात उलटा दावा लावायचा: बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा. कायद्याच्या भाषेत ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’. मुंबईत हे हत्यार साऱ्या देशानं पाहिलं होतं. १८८४ साली रखमाबाईंवर असाच दावा झाला, १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद असा निकाल आला, तेव्हा कैद पत्करीन पण जाणार नाही असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे बाईला यासाठी कैदेत टाकणं कायद्यातून गेलं, पण दावा राहिला, आणि पोटगी बुडवायला तो उत्तम कामाला येऊ लागला. दिवाणी कोर्टानं ‘जा’ म्हटलं की मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाचा पायाच निघाला.

१९५९ साली अलाहाबाद हायकोर्टापुढे नेमकं हेच आलं. नवरा मुसलमान. त्यानं दुसरी बायको केली, पहिली माहेरी गेली आणि तिनं ४८८ खाली अर्ज केला. मग नवऱ्यानं नांदायला पाठवण्याचा दावा ठोकला. त्याचं म्हणणं, माझ्या धर्माच्या कायद्यानं मला दुसरं लग्न करायची मुभा आहे, त्यात क्रूरपणा कसला? न्यायमूर्ती एस. एस. धवन यांनी मुभा नाकारली नाही. त्यांनी निराळा प्रश्न विचारला: तुला दुसरी करायची मुभा आहे, पण पहिलीला जबरदस्तीनं त्याच घरात पाठवायला कोर्टानं तुला मदत का करावी? काळ बदललाय, आज सवत आणणं हा पहिलीचा अपमान आहे. तो अपमान नव्हता हे सिद्ध करायचं ओझं नवऱ्यानं वाहावं. दावा फेटाळला गेला. धर्माच्या कायद्यातली एक ओळही न बदलता बाईच्या डोक्यावरचं पुराव्याचं ओझं उचलून त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

घटना आली, आणि समानता मागायला नवरे उभे राहिले

२६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. कलम १४: कायद्यापुढे सगळे समान. कलम १५: धर्म, जात, लिंग यावरून सरकार भेदभाव करणार नाही. कलम २५: धर्मस्वातंत्र्य. आपल्याला वाटेल, आता टाकलेल्या बायका हे हक्क घेऊन कोर्टात गेल्या असतील. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गाजलेल्या निकालांत मात्र हे हक्क मागणारे नवरे आहेत.

मद्रास हायकोर्टात १९५२ साली नोंदलेल्या निकालात नवऱ्याचं म्हणणं असं की ४८८ कलमाखाली बायको नवऱ्याकडून पोटगी मागू शकते, नवरा बायकोकडून मागू शकत नाही. हा लिंगावरून भेदभाव झाला, म्हणून कलमच रद्द करा. आजही चहाच्या टपरीवर हाच मुद्दा ऐकू येतो.

कोर्टाचं उत्तर समजायला एसटी बस पुरे. काही बाकांवर ‘महिलांसाठी राखीव’ लिहिलेलं असतं. तिकीट सगळ्यांना सारखंच, मग हा अन्याय का नाही? कारण गर्दीत दांडीला लोंबकळत, धक्के खात जाण्याचा त्रास दोघांना सारखा होत नाही, हे आपण सगळे जाणतो. घटना लिहिणाऱ्यांनाही हे माहीत होतं. म्हणून कलम १५ च्याच तिसऱ्या पोटकलमात त्यांनी लिहून ठेवलं की स्त्रिया आणि मुलांसाठी सरकारला विशेष तरतूद करता येईल. कोर्टानं त्याचाच आधार घेतला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईची स्थिती आणि बायकोनं टाकलेल्या पुरुषाची स्थिती या देशात एकसारखी नाही, तेव्हा दोघांना एका मापानं मोजणं ही समानता होत नाही. कलम टिकलं.

माझ्या दृष्टीनं खरा बदल इथं झाला. ज्या तरतुदीचा जन्म भिकारी आवरण्यासाठी झाला, तिला पहिल्यांदा घटनेतलं घर मिळालं. शब्द तेच राहिले, पाया बदलला.

मुंबईचा निकाल, ज्याची सावली अजून आहे

आता मुंबई. १९४६ साली मुंबई प्रांतानं कायदा करून हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी घातली. संसदेनं देशभर तसा कायदा केला त्याच्या नऊ वर्षं आधी. त्याखाली खटले झाले आणि आरोपींनी या कायद्यालाच आव्हान दिलं. २४ जुलै १९५१ रोजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. तो ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ म्हणून ओळखला जातो आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो वाचावा लागतो.

आरोपींचे दोन मुद्दे होते. एक, मुलगा व्हावा म्हणून दुसरं लग्न करणं हा आमच्या धर्माचा भाग आहे. दोन, मुसलमानांना चार बायका चालतात आणि आम्हालाच बंदी, हा धर्मावरून भेदभाव आहे. कोर्टानं दोन्ही फेटाळले. मुलगा हवा असेल तर हिंदू धर्मातच दत्तकाची वाट आहे. शिवाय श्रद्धा वेगळी आणि तिच्या नावानं केलेलं वागणं वेगळं. श्रद्धेला संरक्षण आहे, वागण्याला समाजहितासाठी वेसण घालता येते. आणि सुधारणा एका समाजापासून सुरू करून टप्प्याटप्प्यानं पुढे नेली तर त्यात घटनाभंग नाही. बंदीचा कायदा टिकला. बायकांचा विजय झाला.

पण त्याच निकालात दुसरं एक दार बंद झालं. ते नीट समजून घेऊ.

घटनेचं कलम १३ सांगतं की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले पूर्वीचे कायदे तेवढ्यापुरते रद्द. मग हिंदू कायदा, मुस्लिम कायदा असे जे ‘व्यक्तिगत कायदे’ आहेत, म्हणजे लग्न, वारसा, दत्तक यांबद्दलचे धर्मागणिक चालत आलेले नियम, तेही या चाळणीतून जायचे का?

समजा एखाद्या हौसिंग सोसायटीनं नवी नियमावली केली आणि पहिल्याच पानावर लिहिलं: या नियमावलीशी न जुळणारे आधीचे सगळे ठराव रद्द. आता एका घरातली सून कमिटीकडे आली आणि म्हणाली, आमच्या घरात बायकांनी शेवटी जेवायचं अशी रीत आहे, ती या नियमावलीत बसत नाही, रद्द करा. कमिटीनं विचार केला आणि उत्तर दिलं: बाई, रद्द झाले ते सोसायटीचे ठराव. तुमच्या घरची रीत सोसायटीनं ठराव करून आणलेली नाही. ती आधीपासून चालत आलेली आहे. ती बदलायची तर सर्वसाधारण सभेत नवा ठराव करून घ्या, आम्ही इथं बसून ती खोडू शकत नाही.

दोघा न्यायमूर्तींनी स्वतंत्रपणे हेच म्हटलं. कलम १३ मधला ‘कायदा’ म्हणजे कुठल्यातरी सत्तेनं केलेला कायदा. व्यक्तिगत कायदे त्यात येत नाहीत. ते बदलणं हे विधिमंडळाचं काम.

याचा परिणाम काय? विधिमंडळानं सुधारणा केली तर कोर्ट तिचं रक्षण करील. विधिमंडळ गप्प बसलं तर बाईला घटना हातात घेऊन स्वतःच्या धर्माच्या कायद्यावर दाद मागता येणार नाही. या निकालानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २७ सप्टेंबर १९५१ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदूंच्या लग्न-वारशाच्या कायद्यात सुधारणा करणारं हिंदू कोड बिल अडवून धरलं गेलं हे त्याचं मोठं कारण. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की त्या वर्षीच्या बाईची अडचण दिसते. कोर्ट म्हणतं विधिमंडळाकडे जा, आणि विधिमंडळात बिल पडून आहे. आदर असूनही मला त्या निकालाचा हा अर्धा भाग पटत नाही. नवऱ्यानं आणि सासऱ्यानं आणलेली रीत कोर्टाच्या हुकुमानं राबवली जाते, म्हणजे तिच्या पाठीशी सरकारचंच बळ उभं असतं. मग ती सरकारचा कायदा का नाही? २०१८ साली शबरीमला खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनीही या निकालाची कारणमीमांसा पुन्हा तपासायला हवी असं लिहिलं आहे.

‘मग दुसऱ्या बायकोचं काय?’

हा प्रश्न कमी लोक विचारतात, म्हणून मी इथं थांबते.

विधिमंडळ शेवटी हललं. १९४६ सालीच एका कायद्यानं हिंदू बाईला काही कारणांसाठी वेगळं राहून पोटगी मागायचा हक्क दिला होता. नवरा ‘पुन्हा लग्न करील’ तर, असे त्यात शब्द होते. लगेच प्रश्न आला: आधीच करून बसला असेल तर? हायकोर्टांनी वेगवेगळी उत्तरं दिली. एका क्रियापदाच्या काळावर बाईचं जेवण अडलं. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानं शब्दच बदलले, ‘दुसरी बायको हयात असेल’ तर, आणि वाद मिटवला.

त्याआधी, १८ मे १९५५ पासून, हिंदू विवाह कायद्यानं देशभर दुसरं लग्न मुळातच रद्दबातल ठरवलं. पहिलीला संरक्षण मिळालं. पण त्यानंतर फसवून किंवा गरिबीपायी दुसरी म्हणून दिलेली मुलगी कायद्याच्या लेखी बायकोच उरली नाही. ‘बायको’ नाही, म्हणून पोटगी नाही.

आणि नवरा? तो तरी अडकला का? १९६५ साली महाराष्ट्रातलाच एक खटला सुप्रीम कोर्टात गेला. पहिली बायको असताना दुसरं लग्न केल्याचा आरोप. कोर्टानं पाहिलं की होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नाही, आणि हे विधी वगळायची त्या समाजात रूढी आहे असंही शाबीत नाही. म्हणजे कायद्याच्या अर्थानं दुसरं लग्न लागलंच नाही. लागलंच नाही, तर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा कसला? आरोपी सुटला. ज्यांनी गावाकडे पाट लावलेले पाहिलेत, त्यांना लगेच कळेल की या मोजपट्टीनं किती जण सुटले असतील. १९४९ च्या वाक्यातल्या ‘किंवा रखेल’ या शब्दांचं मोल इथं कळतं. नवरा गुन्ह्यातून सुटला तरी पहिल्या बायकोच्या पोटगीतून सुटत नव्हता.

दुसरी मात्र दोन्हीकडून बाहेर राहिली. १९८८ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रद्दबातल लग्नातली बाई १२५ कलमाखाली बायको ठरत नाही. नवऱ्यानं पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईच्या बाजूनं कोर्ट उभं राहायला २०१३ साल उजाडलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की लग्न रद्दबातल ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाखाली कायमची पोटगी मागता येते. जिजीच्या सवतीला आम्ही लहानपणी दुष्ट समजायचो. तीही खेड्यातलीच गरीब पोर होती, आणि तिच्या हातात तर एक कुपनही नव्हतं.

‘कमावत्या बाईला पोटगी कशाला?’

जुन्या ४८८ कलमात ‘स्वतःचा निर्वाह करू न शकणारं’ हे विशेषण मुलाला लावलेलं होतं, बायकोला नव्हतं. ती अट बायकोसाठी १९७३ च्या नव्या संहितेत, १२५ कलमात, आली. जुन्या कलमाखालच्या एका प्रकरणातही सुप्रीम कोर्टानं १९७४ साली सांगितलं होतं की रक्कम ठरवताना बायकोची स्वतःची कमाई धरायला हवी. तेव्हा ‘कमाई असली तरी नवऱ्याला पूर्ण लुटतात’ हा समज कायद्याला धरून नाही. २०२० पासून तर दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं असतं. खोटी माहिती कुठल्याही बाजूनं दिली तरी कारवाई होऊ शकते.

‘धर्माचा कायदा मोठा की हा?’

१९५६ चा हिंदू पोटगी कायदा आल्यावर काहींनी नवी शक्कल लढवली. हिंदूंसाठी आता पूर्ण कायदा आहे, म्हणून ४८८ आपोआप रद्द झालं. १९६९ साली सुप्रीम कोर्टानं हे साफ नाकारलं. ४८८ कलमाचा कुणाच्याही व्यक्तिगत कायद्याशी संबंध नाही, ते सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी झटपट उपाय आहे, दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदू शकतात. बादली आणि गटार दुरुस्ती, दोन्ही चालू.

एक भोक मात्र उरलं होतं. ४८८ फक्त बायकोला पोटगी देत होतं. पोटगीचा अर्ज आला की नवऱ्यानं तलाक द्यावा, इद्दतीचे, म्हणजे साधारण तीन महिन्यांचे, पैसे टाकावेत आणि मोकळं व्हावं, हे सर्रास शक्य होतं. १९७३ मध्ये संसदेनं ‘बायको’च्या व्याख्येत पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित बाई घातली आणि ते भोक बुजवलं. त्यावरूनच शाहबानो खटला उभा राहिला. १९७८ साली इंदूरमध्ये तिनं अर्ज केला, मग नवऱ्यानं तलाक दिला. मॅजिस्ट्रेटनं महिना पंचवीस रुपये ठरवले. हो, जिजीला वीसेक वर्षांपूर्वी मिळत होते तेवढेच. हायकोर्टानं ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं शाहबानोच्या बाजूनं निकाल दिला. त्यानंतरचं राजकारण, घटस्फोटित मुस्लिम बायकांसाठीचा १९८६ चा वेगळा कायदा, २००१ साली कोर्टानं त्याचा बाईच्या हिताचा लावलेला अर्थ, हे सगळं त्याच वाटेवरचं. २०२४ च्या निकालानं एवढंच स्पष्ट केलं की तो १९८६ चा कायदा असला तरी फौजदारीचं दार बंद होत नाही. १९६९ सालचाच विचार, नव्या माणसांसाठी.

हुकूम मिळाला, पैसे कसे मिळायचे?

आधी अर्ज कुठं करायचा? जुन्या कलमानुसार नवरा राहतो तिथं, असेल तिथं, किंवा बायकोसह शेवटचा राहिला तिथं. बायको कुठं राहते याला किंमत नव्हती. १९६३ साली सुप्रीम कोर्टात आलेल्या पंजाबातल्या प्रकरणात नवरा आफ्रिकेत नोकरीला होता. बायको आणि मुलीनं लुधियानाच्या कोर्टात अर्ज केला, तर नवरा म्हणाला या कोर्टाला अधिकारच नाही. हायकोर्टानं त्याचं मानलं. सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी ‘राहणं’ या शब्दाचा अर्थ लावताना सांगितलं की हे कलम टाकलेल्या बायकामुलांच्या मदतीसाठी आहे, तेव्हा अर्थ त्या हेतूला धरून लावा. उभ्या उभ्या येऊन जाणं म्हणजे राहणं नव्हे, पण काही काळ मुक्काम केला असेल तर पुरे. कोकणातून, सातारकडून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या बायकांना याचं महत्त्व सांगायला नको. बायको राहते तिथंच अर्ज करायची सोय १९७३ च्या संहितेनं दिली.

पैसे थकले तर वॉरंट निघतं. तरीही दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘तुरुंगात जाऊन आलो, आता हिशेब फिटला’ असं नवरे म्हणायचे. १९८८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कैद ही वसुलीसाठीची सक्ती आहे, त्यानं रक्कम फिटत नाही. पाचशे रुपयांची मर्यादा २००१ साली गेली.

आणि एक बारीक अट, जिच्यामुळे आजही पैसे बुडतात. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. ही अट जुन्या ४८८ मध्ये होती, १२५ मध्ये राहिली, आणि नव्या १४४ मध्येही आहे.

जिजीच्या तारेवरची कुपनं मी महिन्यांप्रमाणे लावून पाहिली. मध्येच पाच महिने गायब, एकदा तर सलग दहा महिने. पण प्रत्येक खंडानंतर एक मोठ्या रकमेचं कुपन आहे, आणि त्याच्या पाठीला एसटीचं तिकीट टाचणीनं लावलेलं आहे, आमच्या गावापासून तालुक्यापर्यंतचं. दहा महिन्यांच्या खंडानंतरचं तिकीट अकराव्या महिन्याचं आहे. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. वर्षाची अट तिला कुणी समजावली ते आता विचारायला कुणी उरलेलं नाही, पण बारावा महिना तिनं एकदाही उजाडू दिला नव्हता.